एका आधणाचे वाचन

रसग्रहण बहुधा कवितेचे होते, बंदिशीचे होते. इथे ते एका मोजमापाचे करायचे आहे. पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीसारख्या उसाच्या गावात ऊस तोडीला येतो तिथपासून काहिलीतला पाक गार व्हायला वाफ्यात उतरतो तिथपर्यंत एकाच द्रावणाची संहती वेगवेगळे हात वेगवेगळ्या साधनांनी मोजतात. रसात विरघळलेला घन भाग सुरुवातीला शंभरात वीसच्या आसपास असतो, शेवटी चौऱ्याण्णवच्या आसपास. या प्रवासात मोजणारी माणसे कुठे कोणत्या खुणेवर विसंबतात आणि ती खूण कधी सोडून देतात, हे बारकाईने पाहिले की एक अत्यंत घोटीव रचना समोर येते. गुळाचा खडा तोंडात टाकताना ती जाणवत नाही. पण तो खडा तसा जमला, याचे श्रेय तिचेच आहे.

या रचनेला जागाही फार अनुकूल मिळाली आहे. कोल्हापूरच्या गुळाची परंपरा जुनी. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची बाजारपेठ दिली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. ऊस आणि गूळ यांच्यावरच काम करणारे प्रादेशिक संशोधन केंद्र कोल्हापुरात आहे. कोडोलीजवळच्या वारणानगरात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना आहे, दूध संघ आहे आणि महाविद्यालयही आहे. म्हणजे गुऱ्हाळ, कारखान्याची प्रयोगशाळा, दुधाचे संकलन आणि रसायनशास्त्राचा वर्ग ही चारही ठिकाणे एकाच परिसरात आली. चारही ठिकाणी रोज तोच प्रश्न विचारला जातो: या द्रवात काय किती विरघळले आहे?

प्रश्न सोपा दिसतो. किती द्रावणात किती द्राव्य, एवढीच संहतीची व्याख्या. पण विरघळलेली साखर डोळ्यांना दिसत नाही. वीस टक्क्यांचा आणि सोळा टक्क्यांचा रस दोन पेल्यांत शेजारी ठेवला तर नुसते पाहून कोणालाही वेगळा सांगता येणार नाही. त्यामुळे संहती थेट कधीच मोजली जात नाही. तिच्याबरोबर बदलणारे दुसरे काहीतरी मोजतात: द्रवाचे वजन, प्रकाशाचे वाकणे, उकळण्याचे तापमान, ओघळण्याचा संथपणा. मोजमापाची सगळी कला या ‘दुसऱ्या काहीतरी’च्या निवडीत आहे.

पहिले वाचन उसाच्या फडात होते. हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन ऊस टोचायचा, रसाचा थेंब काचेच्या तिरप्या लोलकावर ठेवायचा, झाकण मिटायचे आणि उजेडाकडे धरून पाहायचे. आत निळा आणि पांढरा असे दोन भाग दिसतात. त्यांच्या सीमेवरचा आकडा म्हणजे ब्रिक्स, रसाच्या वजनात शेकडा किती घन भाग विरघळला आहे तो आकडा. काच सोडून रसात शिरताना प्रकाश किती वाकतो, हे ही सीमारेषा सांगते. २० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३० आणि २० टक्के साखरेच्या द्रावणाचा १.३६३९. सगळा फरक दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात आहे, आणि एका ब्रिक्सच्या वाट्याला साधारण ०.००१५ एवढाच येतो. इतका सूक्ष्म फरक एका थेंबातून उघड्या डोळ्यांना दाखवता यावा, ही या छोट्या नळीची करामत. तिचे तत्त्व येना येथील अर्न्स्ट आबे यांनी १८६९ च्या सुमारास बसवलेल्या उपकरणाकडे जाते. शेतात उभे राहून वापरायचे तिचे रूप त्याच घराण्यातले.

मात्र एका थेंबाने समाधान मानणारा वाचक इथे चालत नाही. ऊस बुडख्याकडून पिकत वर जातो. म्हणून बुडखा, मध्य आणि शेंडा अशा तीन ठिकाणचा रस पाहतात. कोवळ्या उसात बुडख्याचा आकडा मोठा आणि शेंड्याचा फारच लहान येतो. पक्व उसात दोन्ही जवळपास सारखे होतात. इथे मला या पद्धतीचे पहिले सौंदर्य दिसते. एकेका ठिकाणच्या आकड्याला मर्यादा आहेत, पण शेंडा आणि बुडखा यांचे गुणोत्तर एकच्या जवळ आले की तोड करायला हरकत नाही, एवढे ते ठामपणे सांगते. उपकरण थोडे जास्त किंवा थोडे कमी दाखवणारे असले तरी चूक दोन्ही आकड्यांत तीच शिरते, आणि भागाकार केला की तिचा जोर ओसरतो. उन्हात तापलेल्या रसाचेही तसेच. ३० अंशांना आकडा खऱ्यापेक्षा सुमारे पाऊण ब्रिक्सने कमी दिसतो, आणि जाणकार तेवढा मिळवून घेतो. पण गुणोत्तर पाहणाऱ्याला त्याची फारशी फिकीर करावी लागत नाही. साध्या साधनातून भरवशाचे उत्तर काढण्याची ही युक्ती मोजमापाच्या मोठ्या पुस्तकांत शोभावी अशी आहे.

दुसरे वाचन घाण्यातून रस निघाल्यावर. आता थेंबभर नव्हे, भांडेभर रस हाताशी असतो, आणि साक्ष बदलते. इथे वजन बोलते. २० ब्रिक्सचा एक लिटर रस २० अंशांना सुमारे १,०८१ ग्रॅम भरतो, साधे पाणी मात्र हजाराला दोन ग्रॅम कमी. या ८३ ग्रॅमांच्या फरकावर हायड्रोमीटर तरंगतो. खाली वजन असलेली काचेची नळी जड द्रवात कमी बुडते, हलक्या द्रवात जास्त. बुडीची खूण म्हणजे उत्तर.

नळीवरच्या रेघांमागे शंभर वर्षांहून अधिक काळचे काम आहे. फ्रान्सच्या आंत्वान बोमे यांनी १७६८ मध्ये अंशांची मोजपट्टी बसवली, पण तिच्या अंशांतून साखर किती हे सरळ कळत नव्हते. प्रागच्या कार्ल बॉलिंग यांनी १८४३ मध्ये साखरेचे वजनी टक्के आणि घनता यांचे कोष्टक तयार केले. त्यानंतरच्या दशकात अडॉल्फ ब्रिक्स यांनी ते पुन्हा गणित करून नीट केले, आणि १९०० च्या सुमारास फ्रिट्झ प्लाटो यांनी आणखी बारीक केले. तिघांच्या कोष्टकांतला फरक दशांशाच्या पाचव्या-सहाव्या घरात आहे. गुऱ्हाळातल्या माणसाला तो कधीच लागणार नाही. तरीही प्रत्येकाने आधीच्याचे काम घेऊन एक घर पुढे नेले, आणि आपल्याकडे उसाच्या फडापर्यंत ब्रिक्स हेच नाव पोहोचले.

या कोष्टकातला एक निर्णय मला विशेष मोलाचा वाटतो. साखर लिटरमागे किती, असे न सांगता त्यांनी वजनामागे किती, असे सांगायचे ठरवले. २० ब्रिक्स म्हणजे एका किलो रसात २०० ग्रॅम घन भाग. तोच रस लिटरने मोजला तर त्यात सुमारे २१६ ग्रॅम निघतात. रस तापला की फुगतो, मग लिटरमागचा आकडा बदलतो. किलोमागचा बदलत नाही. ज्या पदार्थाला पुढे तीन तास आगीवर ठेवायचे आहे, त्याच्यासाठी तापमानाने न हलणारा पाया निवडणे यात मोठी दूरदृष्टी आहे. काहिलीतला पुढचा सगळा हिशेब याच पायावर उभा राहतो.

हायड्रोमीटर वाचण्यालाही शिस्त लागते. रस थोडा वेळ स्वस्थ ठेवायचा, कारण काचेला बुडबुडे चिकटले तर नळी वर उचलली जाते. गाळ खाली बसू द्यायचा, कारण मातीसुद्धा द्रव जड करते. डोळा पातळीवर आणायचा आणि काचेला धरून किंचित वर चढलेली कड सोडून सपाट पृष्ठभागाची रेघ वाचायची. ज्या तापमानाला नळी आखली, ते तिच्यावर लिहिलेले असते, तेही पाहायचे. रिफ्रॅक्टोमीटरला तरंगत्या मातीचे वजन लागत नाही, तिच्यामुळे फक्त सीमारेषा पुसट होते. दोन साधनांच्या चुका अशा वेगवेगळ्या वाटांनी येतात. म्हणून दोघांचे उत्तर जुळले तर त्याचे वजन वाढते.

हायड्रोमीटरचे सख्खे भावंड गावच्या दूध डेअरीत असते, लॅक्टोमीटर. निर्भेळ दुधाची सापेक्ष घनता साधारण १.०२६ ते १.०३२. पाणी घातले की ती उतरते, नळी खोल जाते आणि भेसळ उघडी पडते. पण साय पाण्यापेक्षा हलकी असते. साय काढून घेतली की उरलेले दूध जड होते, आणि त्यात बेताचे पाणी घातले की लॅक्टोमीटर पुन्हा जागेवर येतो. दोन वेळा बिघडवलेले दूध त्याच्या लेखी चोख ठरते. त्यामुळेच डेअरीत फॅटची वेगळी तपासणी लागते. काच खोटे बोलत नाही, पण तिला विचारलेला प्रश्न ‘वजन किती’ एवढाच असतो. हे लक्षात ठेवणारा वाचकच तिच्या उत्तराचा नीट अर्थ लावू शकतो.

आता काहिलीकडे. इथून पुढे रचनेची लय बदलते. समजा काहिलीत १,००० किलो रस आहे, २० ब्रिक्सचा. म्हणजे २०० किलो घन भाग, ८०० किलो पाणी. मळीबरोबर थोडे निघून जाते, ते हिशेबापुरते बाजूला ठेवू. रस ४० ब्रिक्सला पोहोचेल तेव्हा काहिलीत ५०० किलो उरेल, म्हणजे ५०० किलो पाणी गेलेले असेल. ८० ब्रिक्सला २५० किलो उरेल, म्हणजे आणखी २५० किलो गेले. ९४ ला सुमारे २१३ किलो, म्हणजे शेवटच्या टप्प्यात फक्त ३७ किलो. जाळ सारखा धरला आणि पहिल्या दुपटीला एक तास लागला असे मानले, तर दुसऱ्या दुपटीला अर्धा तास लागेल आणि शेवटच्या टप्प्याला साडेचार मिनिटे.

या गणितात आधणाचे सगळे नाट्य आहे. सुरुवातीला एक किलो पाणी उडाले तर ब्रिक्स २० चा २०.०२ होतो. ८० पाशी एक किलो उडाले तर ८०.३ होतो. वेग सोळा पट झाला. सुरुवातीचा तास निवांत वाटतो, कारण तो खरोखर निवांत आहे. तेव्हा चुन्याची निवळी घालून रसाचा आंबूसपणा माफक प्रमाणात मारायचा, भेंडीच्या चिकट पाण्यात गाळ गुंतवून मळी वर आणायची आणि झाऱ्याने काढत राहायचे, ही शुद्धीची कामे होतात. शेवटच्या मिनिटांत मात्र कोणी कोणाशी बोलत नाही, गुळव्याची, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराची, नजर काहिलीवरून हलत नाही. दोन-तीन मिनिटांचा उशीर गूळ काळा आणि कडक करतो, तेवढीच घाई केली तर तो बसत नाही. ज्याने आयुष्यात भागाकाराचे कोष्टक मांडलेले नाही त्या माणसाचे लक्षसुद्धा वक्ररेषा जिथे उभी चढते नेमके तिथेच एकवटते.

या उभ्या चढावर कोणती खूण उपयोगी पडेल? हायड्रोमीटर नाही, उकळत्या दाट फेसात तो सरळ तरंगणार नाही. रिफ्रॅक्टोमीटरची फडातली नळी बहुधा ३२ ब्रिक्सपर्यंतच आखलेली असते. राहिला थर्मामीटर. द्रावण जितके दाट, तितके ते वरच्या तापमानाला उकळते. पण २० ते ४० ब्रिक्सच्या दरम्यान ही वाढ जेमतेम एका अंशाची. अर्ध्याहून जास्त पाणी उडून जाते आणि पारा हलल्यासारखा वाटत नाही. ८० ब्रिक्सपाशी मात्र पाक पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा नऊ-दहा अंश वर उकळत असतो, आणि पुढे तर अंश भराभर चढतात. काकवीसाठी साधारण १०४ ते १०६ अंश, घट्ट गुळासाठी ११६ ते ११८, दाणेदार गूळ-भुकटीसाठी १२० ते १२२, असे आकडे यासाठी सांगितले जातात. सुरुवातीला मुका असलेला थर्मामीटर शेवटी स्पष्ट बोलू लागतो.

मात्र त्याच्या बोलण्यातही गावाचा हेल असतो. कोल्हापूरचा हा परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंच. इथे हवेचा दाब कमी, म्हणून साधे पाणीच सुमारे ९८ अंशांना उकळते. कोकणातल्या बंदरावर आणि इथे तोच पाक, त्याच संहतीचा, दोन अंशांच्या अंतराने उकळेल. घट्ट गूळ आणि भुकटी यांच्यातले अंतरच चार अंशांचे. त्यामुळे दुसरीकडचा आकडा डोळे मिटून इथे लावता येत नाही. आधी इथल्या पाण्याचा उकळबिंदू पाहायचा आणि त्याच्या वर किती अंश, असे मोजायचे.

गुळव्या हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवतो. तो पाकाचे दोन थेंब बोटांत घेऊन तार काढून पाहतो. त्यापुढे पाकाची धार थंड पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो, दाबतो, आणि गोळी धातूवर आपटून तिचा आवाज ऐकतो. वरवर हा अंदाज वाटेल. बारकाईने पाहिले तर यात दोन फार चोख निर्णय आहेत.

पहिला निर्णय खुणेच्या निवडीचा. तार म्हणजे दाटपणाची, द्रव किती संथ वाहतो याची परीक्षा. २० अंशांना २० टक्के साखरेचे द्रावण पाण्याच्या सुमारे दुप्पट दाट असते. ४० टक्क्यांचे सहापट. ६० टक्क्यांचे मात्र पन्नास-साठपट, आणि ७० टक्क्यांना ते पाण्याच्या कित्येकशे पट होते. घनता या सगळ्या प्रवासात दीडपटही वाढत नाही. अपवर्तनांक तर पहिल्या आकड्यापुढे काही हलतो, एवढेच. सगळ्या गुणधर्मांत ज्याची चढण सर्वांत उभी आहे तोच गुण गुळव्याच्या बोटांनी हेरला. रेणूंच्या पातळीवर याचे कारण दिसते. घन भाग सगळा साखरच आहे असे धरले, तर २० ब्रिक्सच्या रसात साखरेच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे ७६ रेणू असतात. ९४ ला एकापेक्षा थोडेच जास्त. साखरेचे रेणू एकमेकांवरून घसरायला मधे पाणीच उरत नाही. बोटांमधली तार तुटते की लांबते, हे त्या उरलेल्या पाण्याचे वाचन आहे.

दुसरा निर्णय थंड पाण्याचा, आणि तो मला या सगळ्या रचनेतला सर्वांत सुंदर वाटतो. दाटपणा तापमानाने फार बदलतो. उकळता पाक पातळ वाटतो, निवलेला तोच पाक घट्ट. मग दोन आधणांची तुलना कशी करायची? प्रयोगशाळा प्रत्येक नमुना २० अंशांवर आणते आणि मगच मोजते. गुळव्या प्रत्येक नमुना थंड पाण्यात टाकतो आणि मगच दाबतो. पाण्याचे भांडे म्हणजे त्याचे प्रमाण तापमान. बाहेरची हवा, जाळ, काहिलीतली उकळी काहीही असो, गोळी बोटांशी येते ती दर वेळी जवळपास सारख्या गारव्याला. तुलना करायची तर बाकीच्या गोष्टी सारख्या ठेवल्या पाहिजेत, हे विज्ञानाचे मूळ सूत्र इथे पाण्याच्या भांड्यात पाळले गेले आहे. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा प्रश्नही याच भांड्यात विरतो, कारण गोळीला उकळबिंदूशी देणेघेणे नाही. पाकात पाणी किती उरले, एवढेच तिला कळते.

साखर कारखान्यात रस निर्वात भांड्यांमध्ये कमी तापमानाला आटवतात, जागोजागी मीटर असतात. तरीही त्या भांड्यावर, म्हणजे पॅनवर, उभा असलेला कसबी माणूस काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन दाणा कसा धरतो आहे ते उजेडात पाहतो आणि पाकाची तार बोटांत तपासतो. गुळव्या आणि तो, दोघांची परंपरा एकच.

एवढी स्तुती केल्यावर या सगळ्या खुणा कुठे आंधळ्या आहेत तेही पाहायला हवे, कारण चांगल्या वाचनात त्यालाही जागा असते. ब्रिक्स विरघळलेले सगळेच मोजतो: ऊससाखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज, आम्ले, मातीतून आलेले क्षार. खारवट जमिनीतल्या उसाचा ब्रिक्स भरघोस येऊ शकतो आणि त्याचा गूळ मात्र खारट, ओल धरणारा होतो. तोडून तीन-चार दिवस उन्हात पडलेल्या उसाची गोष्ट त्याहून बोलकी. पाणी उडते, म्हणून ब्रिक्स वाढतो. आत ऊससाखर मोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होत असते, म्हणून माल खालावतो. आकडा चढतो आणि वस्तू उतरते, दोन्ही एकाच वेळी.

हा भेद ओळखायला कारखान्याची प्रयोगशाळा तिसरी साक्ष बोलावते. फ्रान्सच्या झाँ बाप्तिस्त बिओ यांनी १८१५ मध्ये दाखवले की साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवते. रस स्वच्छ करून पोलरिमीटरच्या नळीत भरला की फिरलेल्या कोनावरून ‘पोल’ मिळतो. ऊससाखर प्रतल उजवीकडे फिरवते. ती मोडली की होणाऱ्या मिश्रणात फ्रुक्टोजचा डावीकडचा ओढा भारी पडतो, त्यामुळे शिळ्या उसाचा पोल घसरतो. पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर म्हणजे शुद्धता. ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल तर शुद्धता ८५. चांगल्या पक्व उसाचा रस याच्या आसपास किंवा वर असतो. कोल्हापूर भागाच्या उसाची कीर्ती आहे ती या शुद्धतेच्या आणि तिच्यातून येणाऱ्या साखर उताऱ्याच्या जोरावर. फडात शेंडा-बुडख्याच्या भागाकाराने जे साधले, ते इथे पोल आणि ब्रिक्सच्या भागाकाराने साधते. एकट्या आकड्याला न कळणारी गोष्ट दोन आकड्यांच्या नात्यातून कळते.

गुळव्यालाही शुद्धता कळते, पण उशिरा आणि वेगळ्या भाषेत. रसात मोडकी साखर जास्त असली की गोळी वळूनही मऊ राहते, वाफ्यात घोटूनही रवा धरत नाही, आणि पावसाळ्यात ढेप पाझरते. म्हणून अनुभवी गुळव्या रस काहिलीत पडण्याआधीच ऊस कधी तोडला ते विचारतो. प्रयोगशाळेत जे पोलरिमीटर सांगतो, ते तो एका प्रश्नाने जाणून घेतो.

एक संहती मात्र अशी आहे जिथे बोटे, जीभ आणि अनुभव तिन्ही थांबतात. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रोस हे रंग उजळणारे गंधकयुक्त रसायन टाकतात. त्यातून गुळात गंधकाचा जो अंश उरतो, त्याची मुभा एका किलोत एक दशांश ग्रॅमही भरणार नाही इतकी कमी आहे. इथे शेकड्याची भाषा संपते आणि दशलक्षात किती भाग, अशी भाषा सुरू होते. पारा, प्रकाश, वजन यांतले काहीच इतक्या थोड्याने हलत नाही. मग रसायनशास्त्र आपली खास युक्ती काढते, अनुमापन. गुळाच्या नमुन्यातून सल्फर डायऑक्साइड आम्लाच्या मदतीने उकळून बाहेर काढायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये शोषून घ्यायचा, त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते, आणि ते ब्युरेटमधल्या ठरावीक संहतीच्या कॉस्टिक सोड्याने थेंब थेंब मारायचे, दर्शकाचा रंग पालटेपर्यंत.

आकडे मांडून पाहू. ५० ग्रॅम गुळात दशलक्षात ५० भाग असतील तर सल्फर डायऑक्साइड निघेल अडीच मिलिग्रॅम. तो चिमटीत धरता येणार नाही. पण त्याला ०.०१ नॉर्मल कॉस्टिक सोडा लागेल सुमारे ७.८ मिलिलिटर, आणि ब्युरेटवर एक दशांश मिलिलिटर तर कॉलेजातला विद्यार्थीही वाचतो. अदृश्य अडीच मिलिग्रॅमांचे ब्युरेटमध्ये बोटभर उंचीचे पाणी झाले. सोडा जितका विरळ, तितकी ही उंची जास्त. काहिलीपाशी तारेने जे केले तेच इथे विरळ द्रावणाने केले: जिथे वस्तू लहान तिथे मोठी होणारी खूण शोधली. गुळव्या आणि रसायनशास्त्राचा विद्यार्थी यांची साधने इतकी वेगळी असूनही त्यांची बुद्धी एकाच मार्गाने चालते, हे या वाचनातले माझे सर्वांत मोठे समाधान आहे.

सगळे टप्पे एकत्र ठेवले की चांगल्या मोजणाऱ्याचे दोन गुण लख्ख दिसतात. ज्या टप्प्यावर जी खूण सर्वांत जास्त हलते तीच तो निवडतो, फडात प्रकाश, घाण्यापाशी वजन, काहिलीत तार आणि गोळी, गंधकासाठी रंगाचा पालट. आणि ती खूण दुसऱ्या कशाने हलू शकते, हेही तो विसरत नाही: मातीने, उन्हाने, उंचीने, शिळ्या उसाने. पहिला गुण नसेल तर उत्तर मिळत नाही. दुसरा नसेल तर चुकीचे उत्तर खरे वाटू लागते.

गुळव्याचे ज्ञान बहुतेक ठिकाणी कागदावर नाही, हाताकडून हाताकडे जाते. ते टिकवायचे तर त्याचे कौतुक पुरणार नाही, त्याच्या शेजारी आकडे ठेवले पाहिजेत. हे अवघडही नाही. गोळी पसंत पडल्याच्या क्षणी काहिलीतला २५ ग्रॅम पाक तोलून घ्यावा, ७५ ग्रॅम पाण्यात पूर्ण विरघळवावा, गार होऊ द्यावा आणि फडातल्याच रिफ्रॅक्टोमीटरने वाचावा. २३.५ आले तर चौपट करून पाक ९४ चा. दसपट पातळ करण्यापेक्षा चौपट करणे बरे, कारण वाचनातली चूकही तेवढ्याच पटीने वाढते. त्याच क्षणाचे तापमान, त्या दिवशी पाणी किती अंशांना उकळले, उसाचा वाण आणि तोडीचा दिवस शेजारी लिहावा. महाविद्यालयातल्या मुलांनी एका हंगामात अशी वही भरली, तर गोळीची भाषा आणि ब्रिक्सची भाषा यांच्यात कायमचा दुवा तयार होईल. नव्या गुळव्याला शिकायला वर्षे कमी लागतील, आणि मुलांना कळेल की संहती हा शब्द पाठ्यपुस्तकातल्या एका प्रकरणापुरता नाही. त्यांच्या घरच्या गुळाची प्रत तिच्यावर ठरते.